मास्तरांनी सोडवलेलं गणित

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख द्या अशी नोटीस बोर्डावर लागली की आपल्या कॉलेजात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे कविता देणाऱ्यांची रांग लागते. दुसरी म्हणजे उरलेले सगळे एखाद्या थोर माणसाचं चरित्र शोधायला लागतात. मी त्या दुसऱ्या रांगेतला. सर विश्वेश्वरय्यांवर लिहायचं जवळजवळ ठरलंही होतं. इंजिनियरिंगचं कॉलेज, पंधरा सप्टेंबरचा इंजिनियर्स डे, सगळं कसं फिट्ट बसत होतं. पण मी विषय बदलला. का बदलला ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की याला मध्येच हे काय सुचलं.

सेकंड इयरला हॉस्टेलवर माझा रूम पार्टनर मला एक वर्ष सीनियर होता. त्याचं नाव, ब्रँच काही सांगत नाही, आणि कृपया कुणी शोधतही बसू नका. एम-थ्री मला त्यानेच शिकवलं. माझी केटी वाचली ती सरांच्या नोट्समुळे नाही, त्याच्यामुळे. गणित अडलं की तो एकच गोष्ट सांगायचा, की आकडेमोड नंतर बघ, आधी तू गृहीत काय धरलंयस ते तपास. बहुतेक वेळा चूक तिथेच असायची.

गॅदरिंगच्या आधी स्किटची प्रॅक्टिस चालली होती. त्यात एक पात्र होतं, बायकी चालणारं, मुरका मारणारं. ते आलं की अख्खा हॉल हसायचा. मीही हसलो. त्या रात्री गच्चीवर त्याने मला सांगितलं की त्याला मुली आवडत नाहीत, मुलं आवडतात, आणि हे त्याला शाळेत असल्यापासून माहीत आहे. घरी कुणालाच माहीत नाही. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, लांब कुठेतरी दिव्यांकडे बघत होता.

मी काय केलं? हसलो नाही. पण जे बोललो ते हसण्यापेक्षा वाईट होतं. लग्न झालं की सगळं ठीक होईल, असं सांगून मोकळा झालो. अगदी काळजीने, मोठ्या शहाण्या माणसासारखं. तो बरं म्हणाला आणि खाली निघून गेला. पुढच्या सेमिस्टरला त्याने दुसरी रूम घेतली. भांडण नाही, तंटा नाही. मेसमध्ये भेटलो की भाकरी आणि शेंगाचटणीवर बोलायचो. गणित शिकवणं मात्र बंद झालं.

मग एकदा वक्तृत्व स्पर्धेचे मुद्दे काढायला हिराचंद नेमचंद वाचनालयात गेलो होतो. महर्षी कर्व्यांवर बोलायचं होतं. घाईत कर्वे हे नाव बघून पुस्तक ओढलं, ते निघालं बापाऐवजी मुलाचं. परत ठेवणार होतो, पण आतल्या एका पानावर गणिताचे प्रोफेसर असा उल्लेख दिसला म्हणून चाळलं. उभ्या उभ्या दहा पानं वाचली आणि मग बसायला खुर्ची शोधली. स्पर्धा राहिली बाजूला. त्या मुलाचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. आजचा लेख त्यांच्यावर.

र. धों. कर्व्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. म्हणजे संक्रांतीच्या सुमाराचा, आपल्या गड्ड्याच्या दिवसांतला. घर कोकणातल्या दापोलीजवळच्या मुरूडचं. वडील धोंडो केशव कर्वे गणिताचे शिक्षक. १८९१ मध्ये आई राधाबाई बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्या काळात बाळंतपणात बाई जाणं ही फार नवलाची गोष्ट नव्हती. लोक नशीब म्हणायचे आणि पुढे जायचे. हा मुलगा मात्र पुढे आयुष्यभर बायकांची बाळंतपणं, त्यांची तब्येत आणि त्यांची मर्जी यांवरच लिहीत राहिला. त्याचं कारण फक्त आईचं जाणं होतं असं मी म्हणणार नाही, पण ते मला विसरताही येत नाही.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी दुसरं लग्न केलं ते गोदूबाईंशी. त्या विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. पुढे त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. या लग्नावरून मुरूडच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. आता गंमत बघा. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. म्हणजे कायद्याने सदतीस वर्षं आधीच परवानगी दिली होती, पण गावाची परवानगी नव्हती. कुणी कुणाशी लग्न करायचं हे गाव ठरवणार, असा सगळा मामला. अकरा वर्षांच्या रघुनाथने हे आपल्या घरात पाहिलं.

अभ्यासात तो फार हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. पुण्याच्या फर्ग्युसनमधून १९०४ मध्ये बी.ए. झाला आणि वडिलांसारखाच गणित शिकवायला लागला. लग्न झालं ते गोखल्यांच्या गंगूशी, सासरचं नाव मालती. दोघांनी विचार करून ठरवलं की आपण मूल होऊ द्यायचं नाही. आज आपल्या बॅचमधल्या कुणी असं म्हटलं तर सोलापुरात त्याच्या घरी काय रामायण होईल याची कल्पना करा. हे शंभर वर्षांपूर्वीचं आहे.

१९१९ मध्ये ते गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच चांगलं येत होतं. येताना गणिताबरोबर संततिनियमनाचा विचारही पक्का करून आले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं हे अशा प्रकारचं पहिलं केंद्र मानतात. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र उघडलं. म्हणजे निदान या एका बाबतीत तरी आपण लंडनच्या मागे नव्हतो! १९२३ मध्ये त्यांचं 'संततिनियमन' हे पुस्तक आलं.

तेव्हा ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर होते. कॉलेज मिशनऱ्यांचं. मास्तरांनी गणित शिकवावं, हे असलं बाहेर बोलू नये, असं म्हणणं पडलं. तोंड बंद ठेवा नाहीतर नोकरी सोडा, असा सरळ हिशोब. त्यांनी नोकरी सोडली. मला इथे थांबून विचार करावासा वाटला. आपण कॅम्पस प्लेसमेंटसाठी टाय बांधून रांगेत उभे राहतो, पॅकेजचे आकडे एकमेकांना सांगतो. या माणसाने प्रोफेसरकी सोडली, ती लोक ज्यावर बोलायला लाजतात त्या विषयासाठी. पुढे संसार मोठ्या प्रमाणात मालतीबाईंच्या कमाईवर चालला. त्यामुळे र. धों.ना थोर म्हणताना त्यातला निम्मा वाटा मालतीबाईंना द्यायला हवा. चरित्रांत तो बहुधा एका ओळीत उरकतात.

१५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. लेख लिहिणं, तपासणं, छापून घेणं, पाठवणं, बरंचसं एकट्याच्या जिवावर. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं, कारण शरीर ही लाजायची गोष्ट नाही हे त्यांचं मत. लोकांनी मासिक उघडायच्या आधीच नाकं मुरडली. मासिकात लैंगिक शिक्षण, गुप्तरोग, संततिनियमन, स्त्रियांचे हक्क, धर्माच्या नावाने चालणारा खुळेपणा असे विषय असत. स्त्रीला पुरुषाइतकाच सुखाचा हक्क आहे असं ते १९२० च्या दशकात मराठीत लिहीत होते. ब्रह्मचर्य हाच संततिनियमनाचा मार्ग हे गांधीजींचं मत त्यांना पटत नव्हतं, आणि तेही ते स्पष्ट लिहीत. म्हणजे सनातनी नाराज, मिशनरी नाराज, गांधीवादीही नाराज.

पण या मासिकातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांची प्रश्नोत्तरं. लोक पत्रं लिहून विचारायचे आणि मास्तर उत्तरं द्यायचे. हस्तमैथुनाने कमजोरी येते का इथपासून ते पुरुषाला पुरुषाबद्दल वाटणाऱ्या ओढीपर्यंत. आज आपण फोनवर काहीही शोधतो आणि नंतर हिस्टरी पुसून टाकतो. तेव्हा माणसाला हाताने पत्र लिहावं लागायचं, पाकीट बंद करावं लागायचं, पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जावं लागायचं. मी त्या पत्र लिहिणाऱ्याचा विचार करतो. कुठल्या तरी गावात, कंदिलाच्या उजेडात, घरातले झोपल्यावर लिहिलेलं पत्र. त्याला बहुधा सगळ्या जगात एकच माणूस असा दिसला, जो हसणार नाही आणि लग्न कर म्हणून सांगणारही नाही.

मास्तरांची पद्धत गणितातलीच. गृहीतक तपासायचं. एखादी गोष्ट अनीतीची म्हणता, तर त्यात कुणाचं नुकसान होतं ते दाखवा. दोन माणसांच्या मर्जीने, कुणावर जबरदस्ती न करता जे होतं, त्यात तिसऱ्याने पडायचं कारण काय? नुकसान दाखवता येत नसेल तर अनीती हा शब्द मागे घ्या. एवढं साधं. आणि एवढं साधं असल्यामुळेच लोकांना ते झोंबलं.

१९३१ मध्ये पहिला खटला झाला, व्यभिचारावरच्या एका लेखासाठी. आरोप अश्लीलतेचा. शंभर रुपये दंड झाला आणि हायकोर्टात अपील फेटाळलं गेलं. हेच १९३१ साल आपल्या सोलापूरचंही आहे. त्या वर्षी १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. चार पुतळ्यांसमोरून जाताना आपण मान झुकवतो ती त्यासाठी. फाशी आणि शंभर रुपये दंड यांची तुलना मी करत नाही, होऊही शकत नाही. पण एकाच राज्यात, एकाच वर्षी काही माणसं परक्या सरकारशी लढत होती आणि हा एक माणूस स्वतःच्याच समाजाशी. दुसऱ्या लढाईत मिरवणूक नसते, एवढंच.

१९३४ मध्ये दुसरा खटला झाला. या वेळी कारण होतं ती प्रश्नोत्तरं. हस्तमैथुन आणि समलैंगिक संबंध यांवर वाचकांनी विचारलं आणि संपादकाने उत्तर दिलं, हाच गुन्हा. र. धों.ची बाजू मांडायला मुंबई हायकोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आम्हाला शाळेत बाबासाहेब शिकवले ते चवदार तळ्याचे, घटनेचे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. तेव्हा ते गोलमेज परिषदा करून आलेले, पुणे करार दीड वर्षापूर्वीचा, डोक्यावर सगळ्या अस्पृश्य समाजाच्या प्रश्नांचं ओझं. असल्या बदनाम विषयाच्या खटल्यापासून त्यांनी चार हात लांब राहायला हरकत नव्हती. तरी ते उभे राहिले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही. वाचकाने प्रश्न विचारला असेल तर त्याला उत्तर मिळालं पाहिजे, आणि अज्ञानावर ज्ञानाशिवाय दुसरा इलाज नाही. समलैंगिकतेवर अभ्यास करणाऱ्या हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांचा आधारही त्यांनी घेतला. एखाद्याची ओढ जन्मतःच तशी असेल तर त्यात गैर काय, असा त्याचा रोख.

खटला हरले. मास्तरांना दोनशे रुपये दंड झाला.

मित्रांनो, हे १९३४ आहे. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या दंड संहितेत कलम ३७७ होतं आणि समलिंगी संबंध हा गुन्हा होता. इंग्लंडमध्येही गुन्हाच होता. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना ॲलन ट्युरिंग माहीत आहे, निदान ट्युरिंग मशीन परीक्षेपुरतं तरी. त्या माणसाने दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडायला मदत केली. १९५२ मध्ये त्याच ट्युरिंगला इंग्लंडच्या कोर्टाने या गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं. तुरुंग नको म्हणून त्याने हार्मोनची सक्तीची ट्रीटमेंट पत्करली. ७ जून १९५४ ला तो गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी. माफी मिळाली २०१३ मध्ये. त्याच्या खटल्याच्या अठरा वर्षं आधी मुंबईच्या कोर्टात एक मराठी वकील आणि एक मराठी गणिताचा मास्तर या माणसांच्या बाजूने उभे होते. आपल्याकडे ही सगळी परदेशातून आलेली फॅडं आहेत असं जे म्हणतात, त्यांनी हे एवढं लक्षात ठेवावं.

दंड भरून मास्तरांनी मासिक चालूच ठेवलं. १९३४ मध्येच 'आधुनिक कामशास्त्र' हे पुस्तक काढलं. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो नामंजूर झाला. पण काळ सरकत होता. १९५२ मध्ये भारत सरकारने स्वतःच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या गोष्टीसाठी मास्तरांची नोकरी गेली होती, तीच पुढे लाल त्रिकोण बनून एसटीच्या मागे आणि दवाखान्याच्या भिंतीवर रंगवली गेली. म्हणजे त्यांच्या गणिताचं अर्धं उत्तर सरकारने बरोबर धरलं.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी र. धों. कर्वे गेले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. सव्वीस वर्षं मासिक चाललं आणि संपादकाबरोबरच संपलं. त्यांचे वडील त्यानंतरही नऊ वर्षं जगले. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, आणि ते योग्यच होतं. मुलाच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, नंतर 'समाजस्वास्थ्य' नावाचं नाटकही आलं, तेव्हा कुठे नव्या पिढीला नाव कळलं. माझ्यासारख्यांना तेही नाही.

आता उरलेल्या अर्ध्या गणिताचं. कलम ३७७ मास्तरांच्या नंतरही राहिलं. १९९० मध्ये मुंबईत अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' हे मासिक काढलं, पुढे हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत या विषयावर पुस्तकं लिहिली. २०११ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर पहिली अभिमान पदयात्रा निघाली. आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांचा 'साथी' नावाचा गट आहे. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ३७७ मधला हा भाग काढला, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत आणला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानेच कायमचा काढला. दोनशे रुपये दंडापासून इथपर्यंत यायला चौऱ्याऐंशी वर्षं लागली.

पण गुन्हा नाही म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा जात-धर्म न बघता लग्न लावतो, पण त्यात पुरुष एकवीस आणि स्त्री अठरा असं धरून सगळं लिहिलंय. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया त्यात बसत नाहीत. २०२३ मध्ये यासाठी अनेक जोडपी सुप्रीम कोर्टात गेली. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की लग्नाचा असा मूलभूत हक्क घटनेत नाही, कायदा करायचा तर तो संसदेने करावा. फेरविचाराची मागणी जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. २०२४ मध्ये जोडीदाराबरोबर जॉइंट खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला बँकेत अडचण नाही एवढा खुलासा तेवढा झाला. नेदरलँड्समध्ये २००१ पासून, तैवानमध्ये २०१९ पासून आणि थायलंडमध्ये २०२५ पासून असं लग्न कायदेशीर आहे.

कायदा नसला तरी माणसं थांबत नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात यवतमाळात अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी इंजिनियरने आपल्या जोडीदाराशी घरच्यांच्या आणि मित्रांच्या साक्षीने लग्न केलं. मुंबई-पुण्यात नाही, यवतमाळात. म्हणजे १८९३ मध्ये कायदा होता आणि माणसं नव्हती. आता काही ठिकाणी माणसं आहेत आणि कायदा नाही.

मास्तर असते तर काय म्हणाले असते? खरं सांगायचं तर त्यांना लग्नसंस्थेचंच फारसं कौतुक नव्हतं. लग्न हवंच कशाला, असं त्यांनी उलट विचारलं असतं. पण ज्यांना करायचंय त्यांना अडवता कशासाठी, कुणाचं काय नुकसान होतं, हेही विचारल्याशिवाय ते राहिले नसते, असं मला वाटतं.

मलाही आधी वाटायचं की एका कागदाने काय फरक पडतो. मग या दिवाळीत माझ्या त्या रूम पार्टनरचा फोन आला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. दोन वर्षं एकाबरोबर राहतोय. घरमालकाला ते दोघे मित्र आहेत असं माहीत आहे. मध्यंतरी त्या जोडीदाराला अपेंडिक्ससाठी ॲडमिट करावं लागलं. रात्री दोन वाजता फॉर्मवर सही करताना नातं या रकान्यात याने मित्र लिहिलं, तर नातेवाईकाला बोलवा म्हणून सांगितलं. नातेवाईक तीनशे किलोमीटरवर. सकाळी त्यांचे काका येईपर्यंत हा बाहेर बाकड्यावर बसून होता. ऑपरेशन नीट झालं, पण ती रात्र त्याच्या डोक्यातून जात नाही. आणि इकडे त्याच्या घरचे स्थळं बघतायत. एका मुलीचा बायोडाटा त्याला पाठवलाय. त्या मुलीला फसवायचं नाही एवढं त्याचं पक्कं आहे. घरी कसं सांगायचं ते कळत नाही.

मी त्या मुलीचा कधी विचारच केला नव्हता. गच्चीवर लग्न केलं की ठीक होईल म्हणून मी जे सांगितलं, त्यात मी एकाच नाही तर दोन माणसांच्या आयुष्याचा निकाल लावून टाकला होता. गृहीतकच चुकलं होतं. त्याच्यात काहीतरी बिघडलंय आणि ते ठीक व्हायला हवं, हे मी न तपासता धरून चाललो होतो. त्या दिवशी फोनवर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला की त्याला ते वाक्य नव्हे, माझा काळजीचा सूर लक्षात राहिला होता, आणि त्याचाच जास्त त्रास झाला होता. मग बराच वेळ आम्ही दुसरंच काहीतरी बोललो.

हा लेख द्यायच्या आधी मी त्याला वाचून दाखवला. त्याच्या परवानगीशिवाय मी यातलं एक अक्षरही छापायला दिलं नसतं. ज्यावरून तो ओळखू येईल अशा दोन गोष्टी त्याने काढायला सांगितल्या, त्या काढल्या. एक हिशोबाची चूकही सापडली त्याला. १८५६ ते १८९३ मी सत्तेचाळीस वर्षं लिहिली होती. वजाबाकीही नीट येत नाही आणि म्हणे इंजिनियर होणार, एवढं ऐकवून घेतलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडून गणित शिकलो.

ताईला त्याने सांगितलंय. ती रडली, पण आता रोज फोन करते. आईवडिलांना सांगायचं अजून बाकी आहे.

संक्रांतीला तो गड्ड्याला येतोय, जोडीदाराला घेऊन. त्याने अक्षता सोहळा कधी बघितलेला नाही. हॉटेलवर राहतो म्हणत होता, मी घरीच या म्हणून सांगितलं. आईला आधी मित्र येतायत असं सांगणार होतो. मग वाटलं की तो फॉर्मवरचा रकाना मीही पुन्हा तसाच भरतोय. म्हणून मित्र आणि त्याचा जोडीदार येतोय असं सरळ सांगितलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग बाजरीच्या भाकऱ्या जास्तीच्या कराव्या लागतील, एवढंच म्हणाली. तिला नेमकं काय समजलं ते मला माहीत नाही. ते आले की बघू.

- अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी